लहानपणी सुरू होणारा पॉम्पे आजार आणि एन्झाइम उपचार: कोकणातल्या पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पॉम्पे आजारात शरीरात नेमकं काय बिघडतं?

शरीर साखरेचा साठा ग्लायकोजेनच्या रूपात करतं. पेशींमध्ये लायसोसोम नावाचे छोटे कप्पे असतात. त्यांत आलेलं ग्लायकोजेन फोडण्याचं काम अ‍ॅसिड अल्फा ग्लुकोसिडेज, थोडक्यात जीएए, हे एन्झाइम करतं. १७ व्या गुणसूत्रावरच्या जीएए जनुकाच्या दोन्ही प्रतींत दोष असेल तर हे एन्झाइम तयारच होत नाही, किंवा फार थोडं होतं. मग ग्लायकोजेन साचतं, कप्पे फुगून फुटतात आणि स्नायूंचे तंतू आतून खराब होत जातात. हृदय, श्वासाचा पडदा, कंबर, मांड्या, मान आणि जीभ यांवर त्याचा भार पडतो.

डच डॉक्टर योहानेस पॉम्पे यांनी १९३२ मध्ये सात महिन्यांच्या एका मुलीच्या वाढलेल्या हृदयाचं वर्णन केलं. एन्झाइमची कमतरता हे कारण १९६३ मध्ये बेल्जियमच्या हेर्स यांनी दाखवून दिलं.

ग्लायकोजेनच्या इतर काही आजारांत रक्तातली साखर एकदम खाली जाते. पॉम्पेत तसं होत नाही. त्यामुळे मुलाला रात्री उठवून साखरपाणी द्यायची गरज नसते.

‘लहानपणी सुरू होणारा’ म्हणजे कोणत्या वयात?

दोन गट वेगळे समजून घ्यायला हवेत, कारण उपचाराचा परिणामही दोघांत वेगळा दिसतो. पहिला गट तान्ह्या बाळांचा. पहिल्या काही महिन्यांतच बाळ शिथिल पडतं, दूध ओढताना दमतं, हृदय मोठं होतं. दुसऱ्या गटात हृदय बहुधा ठीक असतं. मूल दोन, पाच, दहा वर्षांचं असताना पळण्यात मागे पडू लागतं, जिने चढताना कठड्याला धरतं, जमिनीवरून उठताना मांड्यांवर हात टेकतं. हा गट अनेकदा वर्षानुवर्षं निदानाविना राहतो, कारण ‘बापही उशिराच चालला होता’ हे घरातलं उत्तर सगळ्यांना पटतं.

संशय कधी घ्यावा?

अंग शिथिल असलेल्या बाळाच्या छातीच्या एक्स-रेत हृदय मोठं दिसलं, की त्याच दिवशी ईसीजी आणि इको करून घ्यावं. पॉम्पेत ईसीजीवर पीआर अंतर आखूड आणि क्यूआरएस लाटा खूप उंच दिसतात.

मोठ्या मुलांत फसवणारी गोष्ट म्हणजे एसजीओटी आणि एसजीपीटी. ही दोन्ही एन्झाइमं स्नायूंतूनही रक्तात येतात, पण ती वाढलेली दिसली की यकृताचाच विचार होतो. मग काविळीचं झाडपाल्याचं औषध, पथ्य, यकृताची सोनोग्राफी यांत महिने निघून जातात. बिलिरुबिन नॉर्मल आहे आणि एसजीओटी-एसजीपीटी मात्र वाढलेले आहेत, असं असेल तर सीपीके ही साधी रक्ततपासणी करून घ्या. ती तालुक्याच्या लॅबमध्येही होते. सीपीके वाढलेलं असेल तर मूळ स्नायूंत आहे.

निदानासाठी मुंबईला जावंच लागतं का? नमुना इथून पाठवता येतो का?

पहिली चाचणी वाळलेल्या रक्ताच्या ठिपक्यांवर होते, त्यामुळे नमुना कुरिअरने पाठवता येतो. फिल्टर पेपरच्या कार्डावर टाचेचं किंवा बोटाचं रक्त गोल भरून घेतात. कोकणात इथेच घोटाळा होतो. दमट हवेत आणि उष्णतेत ठिपक्यातल्या एन्झाइमची ताकद आपोआप उतरते, आणि निरोगी मुलाचा अहवालही ‘कमी’ येऊ शकतो. म्हणून कार्ड आडवं ठेवून, उन्हापासून आणि हीटरपासून दूर, तीन-चार तास पूर्ण सुकू द्यावं. मग ते ओलावा शोषणाऱ्या पुडीसह झिपच्या पिशवीत बंद करून त्याच किंवा दुसऱ्या दिवशी पाठवावं. शुक्रवारी पाठवलेलं कार्ड शनिवार-रविवार कुरिअरच्या गोदामात पडून राहतं, म्हणून सोमवार ते बुधवार हे दिवस बरे. त्याच कार्डावर दुसरं एखादं एन्झाइमही मोजायला सांगा. दोन्ही कमी आली तर नमुना खराब झालाय असं समजायचं.

ठिपक्यांची चाचणी संशय पक्का करते, निदान नव्हे. त्यासाठी जीएए जनुकाची तपासणी किंवा पांढऱ्या पेशींतल्या एन्झाइमची मोजणी लागते. काही लोकांच्या जनुकात असा बदल असतो की चाचणीत एन्झाइम कमी दिसतं पण आजार कधीच होत नाही. पूर्व आशियात हा बदल बऱ्याच जणांत आढळतो.

तान्ह्या बाळाच्या बाबतीत स्नायूचा तुकडा काढण्याची घाई करू नये. भूल देणं हाच त्या बाळासाठी मोठा धोका असतो.

एन्झाइम उपचार म्हणजे काय? औषधं कोणती?

कमी असलेलं एन्झाइम प्रयोगशाळेत बनवून शिरेतून द्यायचं. अल्ग्लुकोसिडेज अल्फा हे पहिलं औषध २००६ मध्ये युरोप आणि अमेरिकेत मान्य झालं. मायोझाइम या नावानं ते ओळखलं जातं. पुढे त्याच्यात सुधारणा करून अ‍ॅव्हलग्लुकोसिडेज अल्फा आलं. त्यावर मॅनोज-६-फॉस्फेटचे दुवे जास्त असल्यामुळे ते स्नायूत शिरायला अधिक सोपं जातं. अमेरिकेत ते २०२१ मध्ये, उशिरा सुरू होणाऱ्या प्रकारासाठी एक वर्षावरच्या रुग्णांना मान्य झालं. सिपाग्लुकोसिडेज अल्फा आणि मिग्लुस्टॅट ही जोडी २०२३ मध्ये प्रौढांसाठी मान्य झाली. लहान मुलांच्या रोजच्या उपचारात अजून तिचं स्थान नाही.

या उपचारानं मूल बरं होतं का?

आजार मुळापासून जात नाही. पण उपचाराआधी आणि उपचारानंतर, या दोन काळांत मुलांचं नशीब पार बदललं आहे, आणि हे ठाम सांगता येतं.

उपचार नव्हते तेव्हाची १६८ बाळांची नोंद २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांच्या मृत्यूचं मध्यक वय ८.७ महिने होतं. वर्षाच्या वाढदिवसापर्यंत साधारण चारातलं एकच बाळ पोचत होतं. २००७ मध्ये १८ बाळांवरच्या उपचाराचे निष्कर्ष आले. सगळ्यांना सहा महिन्यांचं होण्याआधी औषध सुरू झालं होतं. दीड वर्षाच्या वयाला सगळी १८ जिवंत होती, त्यांतली १५ श्वासनलिकेतल्या नळीच्या व्हेंटिलेटरशिवाय होती, आणि सात जण स्वतःच्या पायांनी चालू लागले. या आकड्यांच्या दोन्ही बाजू पालकांना सांगायला हव्यात. सात चालले, म्हणजे अकरा चालले नाहीत. पुढच्या वर्षांत काही मुलं व्हेंटिलेटरवर गेली आणि काही दगावली.

उशिरा सुरू होणाऱ्या प्रकारातला मोठा अभ्यास २०१० मध्ये आला. १० ते ७० वयाचे ९० रुग्ण, ७८ आठवडे. औषध घेणारे आणि बिनऔषधाचं सलाइन घेणारे यांच्यात सहा मिनिटांच्या चालण्यात सुमारे २८ मीटरचा फरक पडला, आणि फुप्फुसाच्या क्षमतेत ३.४ टक्के गुणांचा. हे आकडे लहान वाटतात. पण ज्या आजारात दरवर्षी खालीच जायचं असतं, त्यात न घसरणं हाच मोठा लाभ असतो. प्रौढांत पहिली दोन-तीन वर्षं सुधारणा, मग बराच काळ स्थिरता आणि नंतर हळूहळू पुन्हा घट, असा आलेख वारंवार दिसतो. ज्याचे स्नायू अजून चांगले आहेत, त्याच्याकडे वाचवण्यासारखं जास्त असतं, म्हणून मुलांत लवकर सुरुवातीवर इतका भर.

तैवानमध्ये २००५ पासून नवजात बाळांची तपासणी सुरू झाली आणि आयुष्याच्या पहिल्या काही दिवसांत-आठवड्यांत औषध मिळालेली बाळं इतरांपेक्षा खूपच चांगली वाढली. ती चालायला शिकली. औषध तेच, फरक फक्त तारखेचा. पॉम्पेबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा: गेलेला स्नायू औषधानं परत येत नाही.

हृदय सुधारलं म्हणतात, मग पाय का सुधारत नाहीत?

हा प्रश्न सहाव्या महिन्याच्या इकोनंतर हमखास येतो. हृदयाच्या पेशींवर एन्झाइम आत ओढून घेणारे ग्राही रेणू (रिसेप्टर) भरपूर असतात, हातापायांच्या स्नायूंवर फार थोडे. शिरेतून दिलेल्या औषधाचा मोठा भाग यकृतात जातो. शिवाय हातापायांच्या स्नायूंत, विशेषतः झटपट हालचाल करणाऱ्या तंतूंत, अर्धवट पचलेल्या कचऱ्याचे ढीग साचलेले असतात आणि आत पोचलेलं एन्झाइमही तिथे अडकून पडतं. म्हणून हृदयाची जाडी काही महिन्यांत उतरते, कधी कधी पूर्ण नॉर्मल होते, पण मान, कंबर, घोटे मागे राहतात.

पहिल्या काही महिन्यांत इकोवर पंपिंग थोडं कमी झालेलं दिसू शकतं. जाड भिंत पातळ होत असताना हे काही काळ होतं. डॉक्टर लक्ष ठेवतात. घाबरून औषध थांबवायचं नाही.

मेंदूकडे मात्र हे औषध जातच नाही, कारण रक्तातून मेंदूत जाण्याचा अडसर ते ओलांडत नाही. तान्हेपणी आजार सुरू होऊन उपचारावर मोठी झालेली मुलं आता शाळेत आहेत. काहींच्या एमआरआयमध्ये मेंदूच्या पांढऱ्या भागात बदल दिसतात, विचार करण्याचा वेग मंदावतो. कमी ऐकू येणं, पापण्या उतरणं, नाकातून बोलणं, पाऊल खाली लोंबणं आणि हाडं ठिसूळ होणं याही गोष्टी आढळतात. औषध निकामी ठरल्याचं हे लक्षण नाही. पूर्वी ही मुलं या वयापर्यंत जगतच नव्हती, म्हणून हे कुणाला दिसलं नव्हतं. वर्षातून किमान एकदा श्रवणचाचणी करा. शाळेत ‘लक्ष देत नाही’ असा शेरा मिळण्याआधी कान तपासलेले बरे.

‘क्रिम’ तपासणी काय असते? ती इतकी महत्त्वाची का?

काही बाळांच्या शरीरात जीएए प्रथिन अजिबात तयार होत नाही. त्यांना क्रिम-निगेटिव्ह म्हणतात. अशा बाळाची प्रतिकारशक्ती औषधालाच परका शत्रू समजते आणि त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवते. उपचाराच्या सहा महिन्यांनंतर दोन वेळा टायटर (रक्तातलं प्रतिपिंडांचं प्रमाण) १:५१,२०० किंवा त्याहून वर आलं तर औषधाचा परिणाम मारला जातो. सुरुवातीला बसू लागलेलं बाळ मग पुन्हा खाली येतं.

यावर उपाय आहे, पण तो पहिल्या डोसाच्या आसपासच सर्वांत चांगला लागू पडतो. रिटुक्सिमॅब, मेथोट्रेक्सेट आणि शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन यांनी प्रतिकारशक्तीला औषध स्वीकारायला लावतात. जनुकाचा अहवाल हातात असेल तर त्यावरून क्रिमचा अंदाज बहुतेक वेळा लगेच बांधता येतो. म्हणून तान्ह्या बाळाचं जनुक तपासायला टाकताना ‘तातडीचं’ असं लिहून घ्या. मात्र अहवालाच्या वाटेत एन्झाइम थांबवून ठेवू नये. प्रतिपिंडांची तपासणी पहिली दोन वर्षं दर तीन महिन्यांनी, नंतर वर्षातून एकदा करतात.

डोस किती असतो? एका वेळी किती कुप्या लागतात?

अल्ग्लुकोसिडेज अल्फाचा ठरलेला डोस वजनाच्या दर किलोला २० मिलिग्रॅम, दर दोन आठवड्यांनी. एका कुपीत ५० मिलिग्रॅम पूड असते. १२ किलोच्या मुलाला २४० मिलिग्रॅम, म्हणजे पाच कुप्या. १५ किलोला ३०० मिलिग्रॅम, बरोबर सहा. तेच मूल साडेपंधरा किलोचं झालं की ३१० मिलिग्रॅम लागतात आणि सातवी कुपी उघडावी लागते. वर्षाला २६ डोस धरले तर ही एक जास्तीची कुपी २६ कुप्यांची होते. म्हणून मागणी नोंदवताना आजचं वजन न धरता पुढच्या तीन महिन्यांचं धरा. आणि प्रत्येक वेळी त्याच काट्यावर, बूट-स्प्लिंट काढून वजन करा.

अ‍ॅव्हलग्लुकोसिडेजची कुपी १०० मिलिग्रॅमची असते. उशिरा सुरू झालेल्या प्रकारात ३० किलो किंवा वर वजन असेल तर २० मिलिग्रॅम दर किलोला, त्याखाली ४० मिलिग्रॅम.

सलाइन लावण्याच्या दिवशी काय काय होतं?

कुप्या फ्रीजमधून काढून साधारण अर्धा तास खोलीच्या तापमानाला ठेवतात. प्रत्येक कुपीत १०.३ मिलि इंजेक्शनचं निर्जंतुक पाणी, पुडीवर थेट धार न पाडता, कुपीच्या आतल्या भिंतीवरून हळू सोडतात. कुपी तिरकी करून हलकेच फिरवायची; जोरात हलवायची किंवा आपटायची मात्र नाही. फेस झाला की प्रथिन बिघडतं आणि तंतू तरंगू लागतात. तयार द्रावणात दर मिलिला ५ मिलिग्रॅम औषध असतं. १२ किलोच्या मुलासाठी ४८ मिलि काढून ०.९ टक्के सलाइनमध्ये एकूण १०० मिलि करतात. १० किलोपर्यंतच्या बाळासाठी एकूण ५० मिलि.

नळीवर ०.२ मायक्रॉनची, प्रथिन न धरून ठेवणारी गाळणी हवीच. ती तालुक्याच्या ठिकाणी सहसा मिळत नाही. घरी दोन जास्तीच्या ठेवा आणि सोबत न्या.

वेग पहिला अर्धा तास दर किलोला ताशी १ मिलिग्रॅम. मग दर अर्ध्या तासाला ३, ५, आणि शेवटी ७. प्रत्येक वेग वाढवण्याआधी नाडी, रक्तदाब, श्वास, ताप आणि ऑक्सिजन मोजायचा. या हिशेबानं १२ किलोच्या मुलाला पावणेचार तास लागतात. संपल्यावर नळीत उरलेलं औषध त्याच वेगानं सलाइननं पुढे ढकलतात. हे विसरलं तर बरंच औषध नळीतच फुकट जातं.

अ‍ॅव्हलग्लुकोसिडेज मात्र सलाइनमध्ये मिसळत नाहीत. त्याला ५ टक्के डेक्स्ट्रोज लागतं. औषध बदललं असेल तर नर्सला हे स्पष्ट सांगा.

रिअ‍ॅक्शन आली तर?

अंगावर पित्त उठणं, चेहरा लाल होणं, ताप, थंडी, उलटी, खोकला, नाडी वाढणं या नेहमीच्या गोष्टी. वेग कमी करा किंवा थांबवा, डॉक्टरांच्या सल्ल्यानं अँटिहिस्टामिन आणि पॅरासिटामॉल द्या, लक्षणं ओसरल्यावर अर्ध्या वेगानं पुन्हा सुरू करा. त्यापुढची गोष्ट म्हणजे घरघर, आवाज बसणं, ओठ सुजणं, रक्तदाब पडणं. तेव्हा औषध बंद करून लगेच मांडीच्या स्नायूत अ‍ॅड्रेनालिन: १:१००० चं दर किलोला ०.०१ मिलि. अँटिहिस्टामिन हा त्याचा पर्याय नाही. सलाइन सुरू करतानाच त्या मुलाच्या वजनाचा डोस कागदावर लिहून बेडला लावून ठेवावा.

मुलाला ताप, न्यूमोनिया किंवा सूज असेल तर त्या दिवशी सलाइन पुढे ढकलतात. कमजोर हृदयावर जास्तीचं पाणी आणि तापाचा ताण एकत्र आले की मूल एकदम कोसळू शकतं.

पावसाळ्यात गाडी बंद झाली, घाटात दरड कोसळली, डोस चुकला. आता?

शक्य तितक्या लवकर द्या आणि तिथून पुन्हा दोन आठवडे मोजा. दुप्पट डोस कधीही नाही. एखादा डोस आठ दिवस पुढे गेला तर मोठं नुकसान होत नाही. धोका असतो तो ‘या खेपेला राहू दे’ हे तीनदा-चारदा झाल्यावर. महिन्यांच्या खंडानंतर मुलं खरोखर घसरतात, आणि पुन्हा सुरू करताना रिअ‍ॅक्शनची शक्यता वाढलेली असते, म्हणून पहिल्या वेळेसारखं सावकाश आणि मोठ्या रुग्णालयातच सुरू करावं लागतं.

जून ते ऑक्टोबरच्या काळात कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक असतं, गाड्या सावकाश धावतात. गणपतीत आणि शिमग्यात आरक्षण मिळणं कठीण. वर्षाच्या सुरुवातीलाच २६ तारखा कॅलेंडरवर मांडा, ज्या गणपतीच्या आठवड्यात येतात त्या रुग्णालयाशी बोलून दोन-तीन दिवस मागे-पुढे करून घ्या, आणि तिकिटं उघडतील त्या दिवशी काढा. सावंतवाडीहून निघणारी तुतारी एक्सप्रेस दादरला उतरवते, तिथून परळचं केईएम रुग्णालय जवळ. जोरदार पावसाचा इशारा असेल तर आदल्या दिवशीच मुंबई गाठणं बरं.

दर पंधरा दिवसांनी मुंबईला जाण्याऐवजी रत्नागिरी, ओरोस किंवा अलिबागला औषध देता येईल का?

येईल, आणि आमच्या मते हाच उपचार टिकवण्याचा खरा मार्ग आहे. पहिले काही महिने मुख्य केंद्रात काढा. सलग अनेक वेळा रिअ‍ॅक्शनशिवाय गेलं आणि हृदय स्थिर असेल तर जवळच्या रुग्णालयात हलवण्याची मागणी करा. तिथे बालरोगतज्ज्ञ हजर हवेत, सिरिंज किंवा इन्फ्युजन पंप, मॉनिटर, ऑक्सिजन, अ‍ॅड्रेनालिन आणि बाळाच्या मापाची श्वासाची साधनं हवीत. मुख्य केंद्राचं लेखी प्रोटोकॉल पत्र मराठी आणि इंग्रजी दोन्हीत घ्या. नर्सच्या पाळ्या बदलतात, पत्र बदलत नाही.

औषध २ ते ८ अंशांत राहिलं पाहिजे. बर्फाच्या पिशवीला कुपी थेट टेकली की ती गोठते, आणि गोठलेलं औषध दिसायला नेहमीसारखं असलं तरी वापरायचं नाही. मध्ये पुठ्ठा किंवा कापड घाला आणि तापमान नोंदवणारं यंत्र पेटीत ठेवा. घरच्या फ्रीजमध्ये साठा करू नका. २०२० च्या निसर्ग वादळानंतर किनाऱ्यावरच्या कितीतरी गावांत अनेक दिवस वीज नव्हती. साठा जनरेटर असलेल्या रुग्णालयात, लसींच्या फ्रीजमध्ये हवा.

औषध लागू पडतंय हे कशावरून कळणार?

‘जरा तरतरीत वाटतो’ यावर विसंबू नका. पहिल्या डोसाआधीची नोंद नसेल तर पुढे तुलना कशाशीच करता येत नाही. तान्ह्या बाळात इकोवरचं हृदयाचं वजन, मान धरणं, बसणं, उभं राहणं. पाच-सहा वर्षांपुढे सहा मिनिटांचं चालणं, दहा मीटरला लागणारा वेळ, चार पायऱ्या चढायला लागणारा वेळ, जमिनीवरून उठायला लागणारा वेळ. फुप्फुसाची क्षमता बसून आणि आडवं झोपून, दोन्ही. आडवं झाल्यावर ती बरीच घटत असेल तर श्वासाचा पडदा कमजोर झालाय. रक्तात सीपीके, लघवीत टेट्रासॅकराइड (ग्लायकोजेन फुटून उरणारी साखर). दर तीन महिन्यांनी त्याच जागी, त्याच आवारात, मोबाइलवर जमिनीवरून उठतानाचा व्हिडिओ काढा. डॉक्टरांना तो दहा मिनिटांच्या वर्णनापेक्षा जास्त सांगतो.

निष्कर्ष काढण्याआधी किमान सहा महिने द्या. सुधारून पुन्हा घसरण झाली तर आधी प्रतिपिंडं तपासा, मग वजनाप्रमाणे डोस वाढवला होता का ते पाहा. वाढत्या मुलाला जुन्याच वजनाचा डोस चालू राहणं ही नेहमी आढळणारी चूक आहे.

तान्ह्या बाळांसाठी काही युरोपीय केंद्रं दर आठवड्याला दर किलोला ४० मिलिग्रॅम देतात. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपातल्या एकत्रित अभ्यासात जास्त डोसावरची बाळं अधिक संख्येनं जगलेली दिसली. पण हा नेहमीच्या डोसाच्या चौपट आहे, म्हणजे खर्चही चौपट. हा निर्णय तज्ज्ञ समितीपुढेच होतो.

मुलाला धाप लागली तर घरी ऑक्सिजन लावावा का?

स्वतःहून नाही. पॉम्पेत अडचण बहुधा फुप्फुसाची नसून हवा ढकलणाऱ्या स्नायूंची असते. नुसत्या ऑक्सिजननं बोटावरचा आकडा छान दिसतो, पण कार्बन डायऑक्साइड साचत जातो आणि मूल गुंगीत जातं. अशा मुलाला बायपॅप (मुखवट्यातून दाबानं हवा ढकलणारं यंत्र) लागतं. सकाळी डोकं दुखणं, रात्री वारंवार जाग येणं, वर्गात झोप येणं ही रात्रीचा श्वास अपुरा पडत असल्याची चिन्हं.

श्रावणात-भादव्यात ताप आला तर वेगळी काळजी घ्यावी लागते का?

हो. भातलावणीच्या दिवसांत इथे लेप्टोस्पायरोसिस असतो, आणि त्यातही सीपीके, एसजीओटी वाढतात. पॉम्पेच्या मुलाचे हे आकडे एरवीही वाढलेलेच असतात. त्यामुळे अपघात विभागातला डॉक्टर दोन्ही बाजूंनी फसू शकतो. मुलाचे नेहमीचे आकडे, इकोचा निष्कर्ष, डोस आणि मुख्य केंद्राचा फोन एका पानावर लिहून ते प्लास्टिकमध्ये ठेवा.

भूल द्यायची वेळ आली तर तेच पान दाखवा. हृदय जाड असलेल्या बाळाला प्रोपोफॉलनं रक्तदाब पडून हृदयाचे ठोके बिघडल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत. हृदयविकारतज्ज्ञाची तयारी असलेल्या ठिकाणीच भूल द्यावी.

खाण्यात काय बदल?

प्रथिनं भरपूर: अंडी, मासे, डाळी, कुळीथ, दूध. वजन फार वाढू देऊ नका, कमजोर पायांनाच ते उचलायचं असतं. गिळायला त्रास असलेल्या मुलाला पातळ पेज आणि पाणी सर्वांत घातक, कारण ते चटकन श्वासनलिकेत उतरतं. मऊ शिजवलेली घट्ट पेज, नाचणीचं घट्ट सत्त्व चालतं. मासा काटे नीट काढून, कुस्करून. जेवताना ठसका किंवा जेवल्यावर घरघर असेल तर गिळण्याची तपासणी करा.

व्यायाम आणि लसी?

रोज हलका ताण देणारा व्यायाम, दमेपर्यंत नाही. दुसऱ्या दिवशीही अंग दुखत असेल तर आदल्या दिवशी जास्त झालं. घोट्यांचे स्प्लिंट दमट हवेत चामडी सोलतात. आत सुती मोजा घाला, तो दिवसातून दोनदा बदला. जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात फिजिओथेरपी मोफत मिळते.

फ्लू आणि न्यूमोकोकल लस घ्याच. रिटुक्सिमॅब किंवा मेथोट्रेक्सेट चालू असताना बीसीजी, तोंडावाटे पोलिओ, गोवर-रुबेला अशा जिवंत लसी डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. गावात लसीकरणाला येणाऱ्या आरोग्यसेविकेला आणि आशाताईंना हे आधीच सांगून ठेवा.

खर्च कसा भागवायचा?

केंद्राच्या २०२१ च्या दुर्मिळ आजार धोरणात पॉम्पे आजार गट ३ मध्ये आहे. नेमलेल्या उत्कृष्टता केंद्रामार्फत ५० लाख रुपयांपर्यंत मदत मिळू शकते. महाराष्ट्रात परळचं केईएम रुग्णालय असं केंद्र आहे. अर्ज तिथल्या समितीकडूनच जातो, पालकांनी थेट दिल्लीला पत्र पाठवून उपयोग नाही. समिती ‘गुंतागुंत होण्याआधी निदान झालं का’ हे पाहते, म्हणून सुरुवातीच्या इको, फुप्फुसाच्या तपासण्या आणि व्हिडिओ जपून ठेवा.

५० लाख आयुष्यभर पुरत नाहीत, हे स्पष्ट सांगायला हवं. धोरणातच म्हटलंय की १० किलोच्या मुलाचा दुर्मिळ आजारावरचा वार्षिक खर्च १० लाखांपासून एक कोटीच्या वर जाऊ शकतो, आणि वजनाबरोबर तो वाढतो. आयुष्यभराच्या औषधाला एकदाच दिलेली मदत अपुरी आहे. निधी अर्ध्यावर आला की दुसऱ्या मदतीचे अर्ज सुरू करा, संपल्यावर नाही. वैयक्तिक वापरासाठी आयात केलेल्या अशा औषधांवर १ एप्रिल २०२३ पासून मूळ सीमाशुल्क माफ आहे. त्यासाठीचं प्रमाणपत्र जिल्हा शल्यचिकित्सक देऊ शकतात. चालण्यात अपंगत्व असेल तर त्याचं प्रमाणपत्र काढा, एसटी आणि रेल्वेच्या सवलती त्यावर मिळतात.

पुढचं मूल निरोगी होईल का?

आई-वडील दोघेही वाहक असतात. प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता आजाराची, मग मुलगा असो वा मुलगी. मामा-आतेच्या नात्यातल्या लग्नांत दोघेही वाहक असण्याची शक्यता वाढते. यात आईचा दोष नाही. दोघांकडून एक-एक प्रत येते.

आधीच्या मुलाचे जनुकातले दोन्ही बदल माहीत असतील तर गर्भाची तपासणी ११ व्या आठवड्यानंतर वारेच्या नमुन्यावर किंवा १६ व्या आठवड्यानंतर गर्भजलावर होते. म्हणून पाळी चुकल्याच्या आठवड्यातच अनुवंशतज्ज्ञाची वेळ घ्या. गर्भपात नको असेल तरी तपासणीचा उपयोग आहे: जन्माआधीच औषधाची व्यवस्था करून बाळाला पहिल्या दिवसांत सुरू करता येतं. पोटात असतानाच नाळेच्या शिरेतून एन्झाइम दिल्याची पहिली नोंद २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. त्या बाळाचं हृदय आणि हालचाली १३ महिन्यांच्या वयाला नॉर्मल होत्या.

घरात आधीची भावंडं असतील तर त्यांचंही रक्त तपासा, लक्षणं नसली तरी. जनुकातला दोष ठाऊक असल्यामुळे ही तपासणी पहिल्या मुलाच्या तपासणीपेक्षा स्वस्त आणि लवकर होते.